चाळिशी लावली म्हणजे डोळे तपासले, असे नव्हे

मराठीत 'चाळिशी' हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. माणसाचे वय चाळीसच्या पुढे गेले की जवळचे अक्षर धूसर दिसू लागते, वर्तमानपत्र हातभर लांब धरावे लागते, सुईत दोरा ओवायला घरातल्या लेकराला हाक मारावी लागते. मग जो चष्मा येतो त्यालाच आपण 'चाळिशी' म्हणतो. वयाचे आणि चष्म्याचे नाव एकच! डोळ्याला वय लागते हे आपल्या पूर्वजांनी किती नेमके हेरले होते, याचा हा पुरावा. मात्र याच शब्दाने आपली थोडी फसगतही केली आहे. चाळिशी लावली, अक्षर स्वच्छ दिसू लागले, की डोळ्यांचे सारे काम झाले, असे आपण समजून चालतो. आजच्या लेखात मला याच समजुतीविरुद्ध बोलायचे आहे.

मी शहागंज भागात बरीच वर्षे दवाखाना चालवतो. मी नेत्रतज्ज्ञ नाही. ताप, खोकला, रक्तदाब, साखर पाहणारा साधा डॉक्टर आहे. पण पन्नाशी ओलांडलेला कोणीही समोर बसला की एक प्रश्न मी हमखास विचारतो, 'डोळे कधी तपासले?' उत्तरे साधारण तीनच येतात. पहिले, 'तपासले की डॉक्टरसाहेब, हा काय चष्मा!' दुसरे, 'मोतीबिंदू आहे म्हणतात, पण अजून पिकला नाही.' आणि तिसरे, 'मला तर सगळं स्वच्छ दिसतं, तपासायचं कशाला?' ही तिन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि तिसरे तर सर्वांत धोक्याचे आहे.

नंबर वेगळा, तपासणी वेगळी

जुन्या कॅमेऱ्याचे उदाहरण घ्या. पुढे काच, मागे फिल्म. चित्र धूसर आले तर काच नीट करता येते, पण फिल्मच खराब झाली तर काच कितीही पुसली तरी उपयोग नाही. आपल्या डोळ्यात पुढे भिंग आहे, मागे पडदा म्हणजे दृष्टिपटल आहे, आणि त्या पडद्यावरचे चित्र मेंदूपर्यंत नेणारी एक नस आहे. चष्म्याच्या दुकानात नंबर काढतात तेव्हा फक्त पुढच्या काचेचा हिशेब होतो. मागचा पडदा आणि नस कोणी पाहत नाही. रस्त्यावरच्या गाड्यावरून किंवा जत्रेतून तयार चष्मा उचलला तर तेवढाही हिशेब होत नाही. यात चष्मेवाल्याचा दोष नाही, ते त्याचे कामच नव्हे. दोष आपल्या समजुतीचा आहे.

उतारवयात डोळ्याला जे आजार होतात त्यांतले तीन महत्त्वाचे. मोतीबिंदू पुढच्या भिंगाचा, काचबिंदू मागच्या नसेचा, आणि तिसरा पडद्याच्या मध्यबिंदूचा, ज्याला डॉक्टर 'मॅक्युला' आणि मराठी पुस्तके 'पीतबिंदू' म्हणतात. मधुमेह असेल तर चौथा, पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांचा. यांपैकी मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने परत येते. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. पीतबिंदू झिजून गेलेली नजरही सहसा परत येत नाही. म्हणूनच या दोघांच्या बाबतीत 'लवकर कळणे' हाच निम्म्याहून अधिक उपचार आहे.

धक्का लागला तर गर्दीचा दोष

काचबिंदूला आपल्या भागात पुष्कळ लोक 'काला मोतिया' म्हणतात. नावात मोतिया असल्याने हाही मोतीबिंदूचाच एक प्रकार, पिकला की काढून टाकू, असा समज होतो. हा गैरसमज अनेकांचे डोळे घेऊन गेला आहे. काचबिंदूत बहुधा डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू सुकते. दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. नजर कडेकडेने जाते, मधली शेवटपर्यंत शाबूत राहते. त्यामुळे माणूस वर्तमानपत्र वाचतो, नोटा मोजतो, दुकानाची पाटी ओळखतो आणि आपली नजर उत्तम आहे असे छातीठोकपणे सांगतो.

माझ्याकडे येणारे एक गृहस्थ येता-जाता लोकांना धडकत. शहागंजच्या गर्दीत कोणाचा धक्का कोणाला लागत नाही? त्यांनीही गर्दीला बोल लावला, घरच्यांनीही. मग एकदा उंबरठ्याला अडखळून पडले आणि पायाची जखम दाखवायला माझ्याकडे आले. बोलता बोलता ही धडकण्याची गोष्ट निघाली म्हणून मी त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. एका डोळ्याची नस जवळजवळ सुकलेली निघाली, दुसऱ्याची निम्मी. आज ते रोज न चुकता थेंब घालतात आणि राहिलेली नजर टिकून आहे. पण खरी सांगण्यासारखी गोष्ट पुढची आहे. नेत्रतज्ज्ञांनी त्यांच्या धाकट्या भावालाही तपासायला बोलावले. भावाची काहीच तक्रार नव्हती, तो कुरकुरतच गेला. त्यालाही काचबिंदू निघाला, अगदी सुरुवातीचा. त्याची नजर आज पूर्ण आहे. दोन भाऊ, एकच आजार. फरक पडला तो फक्त कळण्याच्या वेळेचा.

रक्ताच्या नात्यात, म्हणजे आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर आपल्याला तो होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पट असतो. साधारणतः डोळ्यातला दाब १० ते २१ या दरम्यान असतो. पण दाब या मर्यादेत असूनही काचबिंदू झालेले रुग्ण पुष्कळ असतात. म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही, मागची नसही पाहावी लागते. दक्षिण भारतात गावोगावी झालेल्या पाहण्यांत असे दिसले, की काचबिंदू असलेल्या दर दहांपैकी सुमारे नऊ जणांना आपल्याला तो आहे याचा पत्ताच नव्हता. हे वाक्य वाचकांनी पुन्हा एकदा वाचावे, अशी माझी विनंती आहे.

आणखी एक. डोळे लाल झाले, खाज आली, की मेडिकलच्या दुकानातून कोणते तरी थेंब आणून घालायची आपल्याकडे सर्रास सवय आहे. त्यांतल्या काहींत स्टिरॉइड असते. त्याने तात्पुरते बरे वाटते, पण असे थेंब महिनोन् महिने घातले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येतो. चिठ्ठीशिवाय डोळ्यात थेंब नको.

भिंतीवरचे कॅलेंडर आणि शहागंजचे घड्याळ

पीतबिंदूचा आजार काचबिंदूच्या बरोबर उलटा. यात कडेचे दिसते, मधले जाते. समोरच्याचे कपडे दिसतात, चेहरा ओळखू येत नाही. ओळीतले मधले अक्षर पुसट होते. सरळ रेघ वाकडी दिसते. पन्नाशीनंतर पडद्याच्या मध्यबिंदूखाली पिवळसर कण साठू लागतात, ती याची पहिली पायरी. त्या पायरीवर रुग्णाला सहसा काहीही जाणवत नाही. फार तर उजेडातून अंधाऱ्या खोलीत गेल्यावर डोळे सरावायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो, वाचायला जास्त उजेड लागतो. पुढे काहींच्या डोळ्यात नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांतून पाणी किंवा रक्त झिरपते. मग नजर काही दिवसांत किंवा आठवड्यांत खाली येते.

निसर्गाने दोन डोळे दिले ही मोठी सोय, पण इथे तीच अडचण होते. एका डोळ्याचे बिघडले तर दुसरा सांभाळून घेतो आणि आपल्याला महिनोन् महिने कळत नाही. एका आजींचा उजवा डोळा असाच गेला होता. डाव्या डोळ्यात कचरा गेला म्हणून त्यांनी तो दाबून धरला, तेव्हा समोरच्या सुनेचा चेहरा दिसेना. म्हणून माझे सांगणे आहे, की प्रत्येक डोळा वेगळा वेगळा पाहा.

यासाठी स्वित्झर्लंडचे नेत्रतज्ज्ञ मार्क आम्स्लर यांनी १९४० च्या दशकात चौकटींचा एक साधा तक्ता रूढ केला. दहा सेंटिमीटरचा चौकोन, त्यात अर्ध्या सेंटिमीटरच्या चौकटी, मधोमध एक ठिपका. घरात मुलांची गणिताची चौकटीची वही असेल तर तिच्यावरही हा आखता येतो. जवळचा चष्मा लावावा, कागद वीतभरापेक्षा थोडा लांब धरावा, एक डोळा तळहाताने झाकावा, पण दाबू नये, आणि मधल्या ठिपक्याकडे पाहावे. रेघा सरळ दिसतात का? एखादी चौकट गायब, अंधारी किंवा वाकडी आहे का? मग दुसरा डोळा. आठवड्यातून एकदा, दोन मिनिटांचे काम.

तेवढाही खटाटोप नको असेल तर भिंतीवरचे कॅलेंडर आहेच. 'कालनिर्णय'च्या पानावर तारखांच्या चौकटी असतात. महिन्याच्या मधल्या तारखेकडे एकेका डोळ्याने पाहा. आणि शहागंजात राहणाऱ्यांना तर घराबाहेरही सोय आहे. चमनजवळून जाताना आपल्या घड्याळाच्या मनोऱ्याकडे आधी एका, मग दुसऱ्या डोळ्याने पाहा. मनोऱ्याची कड सरळ आहे का? काटे दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात का? वर्षानुवर्षे ज्या घड्याळाने आपल्याला वेळ सांगितली, ते आपल्या डोळ्यांची वेळही सांगेल. मात्र थांबून पाहा, रहदारीत चालता चालता नको!

रेघ वाकडी दिसली तर 'पुढच्या महिन्यात बघू' असे करू नये, त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांना गाठावे. झिरपणाऱ्या रक्तवाहिन्यांवर डोळ्यात द्यायची इंजेक्शने २००६ च्या सुमारास वापरात आली. ती ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात, पण वेळेवर घेतली तर नजर टिकते, काहींची सुधारतेही. भारतात तयार झालेली औषधे २०१५ पासून मिळू लागल्याने खर्चही पूर्वीच्या मानाने कमी झाला आहे.

पण नीट समजून घ्या. रेघ वाकडी दिसणे ही आजार पुढे गेल्याची खूण आहे. त्याच्या आधीची पायरी, ते पिवळसर कण, घरच्या तक्त्याला दिसत नाहीत. काचबिंदू तर या तक्त्यावर सुरुवातीला कळतच नाही. म्हणून घरची चाचणी हा राखणदार आहे, न्यायाधीश नव्हे. खरी तपासणी म्हणजे थेंब घालून बाहुली मोठी करून मागचा पडदा आणि नस पाहणे, आणि डोळ्यातला दाब मोजणे. थेंबांमुळे काही तास धूसर दिसते, उजेड सहन होत नाही, म्हणून सोबत कोणाला तरी न्यावे आणि गाडी चालवत जाऊ नये. बाकी या तपासणीत दुखण्यासारखे काही नाही.

'पिकू द्या' हे जुने झाले

आता दुसरे उत्तर, मोतीबिंदू पिकू देण्याचे. पूर्वी शस्त्रक्रियेची पद्धत वेगळी होती, तेव्हा पिकलेला मोतीबिंदू काढणे सोयीचे होते. आज लहानशा छेदातून भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की शस्त्रक्रिया करावी. फार पिकू दिल्यास ती उलट अवघड होते, आणि अति पिकलेला मोतीबिंदू डोळ्यातला दाबही वाढवू शकतो.

कधी कधी घरात आनंदाची बातमी येते, 'आजोबांचा चष्मा सुटला, आता उघड्या डोळ्यांनी पोथी वाचतात!' पेढे वाटण्याआधी आजोबांना डॉक्टरकडे न्या. मोतीबिंदू येताना डोळ्याचे भिंग दाट होते आणि काही काळ जवळचे चष्म्याविना दिसू लागते. ती तरुण झालेली नजर नव्हे, मोतीबिंदूची चाहूल आहे. तसेच चष्म्याचा नंबर वारंवार बदलत असेल तर साखर तपासून घ्यावी.

शिबिरे झाली, आता पुढे काय?

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदूची मोठी मोहीम निघाली, त्यात महाराष्ट्र होता. आपल्या राज्यात १० जून हा दिवस डॉ. भालचंद्र यांच्या स्मरणार्थ दृष्टिदान दिन म्हणून पाळला जातो. या सगळ्या कामाचे मोल फार मोठे आहे. हजारो आज्या-आजोबांनी नातवंडांचे तोंड पुन्हा पाहिले ते यामुळेच. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांत अंधत्वाचे प्रमाण १.९९ टक्के आढळले आणि त्यातले ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे होते. म्हणजे मोतीबिंदूचे काम संपलेले नाही, ते चालूच राहिले पाहिजे.

माझे म्हणणे एवढेच, की शिबिरात बॅटरी मारून पांढरी बाहुली शोधायची, मोतीबिंदू असेल त्याला गाडीत बसवायचे आणि नसेल त्याला 'तुमचे डोळे ठीक आहेत' म्हणून घरी पाठवायचे, ही पद्धत आता पुरी पडत नाही. बॅटरीच्या उजेडात काचबिंदू दिसत नाही, पीतबिंदूचे कण दिसत नाहीत, मधुमेहाचा पडदाही दिसत नाही. 'ठीक आहेत' हे शब्द ऐकून माणूस पुढची पाच वर्षे निर्धास्त राहतो. असे निर्धास्त झालेले लोक मी पाहिले आहेत.

खेड्यात अशी पूर्ण तपासणी होऊच शकत नाही, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर आपल्या राज्यातच आहे. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे डॉ. योस्ट योनास यांनी २००६ पासून नागपूर जिल्ह्यातल्या आठ खेड्यांत मोठी पाहणी केली. तिशीपुढच्या ४,७११ लोकांचे डोळे पुरेपूर तपासले गेले, दाबासकट आणि पडद्याच्या छायाचित्रांसकट. शेतकरी, मजूर, घरकाम करणाऱ्या बाया, सारे आले. लोक येत नाहीत हे खरे नव्हे, नीट बोलावले तर येतात.

आता तर पडद्याचे छायाचित्र काढणारे कॅमेरे आले आहेत, अनेकदा थेंबही न घालता काम होते. तंत्रज्ञ फोटो काढतो, डॉक्टर दूर बसून पाहतो. मधुमेहाचा पडदा ओळखायला संगणकाला शिकवण्याचे काम २०१६ साली प्रसिद्ध झाले, त्यासाठी मदुराईच्या अरविंद आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालय या रुग्णालयांतलीही छायाचित्रे वापरली होती. संगणक डॉक्टरची जागा घेणार नाही, पण कोणाला डॉक्टरकडे आधी पाठवायचे हे सांगू शकतो. माझी सूचना अशी, की महानगरपालिकेच्या आरोग्य केंद्रांत, जिथे मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण दरमहा गोळ्या घ्यायला येतातच, तिथे आठवड्यातून एक दिवस असा कॅमेरा आणि दाब मोजण्याचे यंत्र फिरते ठेवावे. शिबिर भरवणाऱ्या मंडळांनी आणि संस्थांनीही 'किती मोतीबिंदू काढले' याच्या जोडीला 'किती जणांचा पडदा पाहिला' हा आकडा जाहीर करावा. मांडवाचा आणि हारतुऱ्यांचा खर्च थोडा कमी केला तरी पुष्कळ होईल.

ताटातले आणि खिशातले

आहाराविषयी वाचक नेहमी विचारतात. मेथी, पालक, शेपू यांसारख्या हिरव्या भाज्या आणि मक्याचे कणीस यांत पीतबिंदूला उपयोगी पडणारी द्रव्ये असतात. शहागंजच्या मंडईत ती महाग नाहीत, रोज खावीत. गोळ्यांचे मात्र तारतम्य हवे. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात विशिष्ट जीवनसत्त्वे आणि जस्ताच्या गोळ्यांनी मधल्या पायरीवरच्या रुग्णांत आजार बळावण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. पण आजार नसलेल्यांना त्याचा फायदा दिसला नाही. त्यातले बीटा कॅरोटीन विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना घातक ठरू शकते, म्हणून २०१३ च्या पुढच्या अभ्यासानंतर त्याची जागा ल्युटिन आणि झियाझँथिन यांनी घेतली. म्हणजे जाहिरात पाहून 'डोळ्यांची गोळी' घेण्यात अर्थ नाही. आधी पडदा पाहा, मग गोळी.

आणि खिशातली विडी-सिगारेट आधी फेका. वय आणि आनुवंशिकता आपल्या हातात नाहीत, धूम्रपान आहे. ते पीतबिंदूचा धोका दुपटीहून अधिक वाढवते. फुप्फुसाची भीती दाखवून ज्यांनी सोडली नाही, त्यांनी निदान डोळ्यांसाठी सोडावी.

आधी घरातल्या बाईला न्या

शेवटी एक कटू निरीक्षण. माझ्या दवाखान्यात वडिलांच्या डोळ्यांविषयी विचारणारे मुलगे पुष्कळ येतात, आईच्या डोळ्यांविषयी विचारणारे कमी. कारण वडिलांना दिसेनासे झाले की दुकान अडते, व्यवहार अडतात. आईला दिसेनासे झाले तरी ती अंदाजाने भाकरी थापते, हाताने चाचपून तांदूळ निवडते आणि कोणाला कळूही देत नाही. तांदळात खडा लागला म्हणून तिच्यावर रागावण्याआधी तिला एकदा नेत्रतज्ज्ञांकडे न्या. तिने 'मला काय करायचंय आता, माझं झालं' असे म्हटले तरी न्या.

हिशेब सोपा आहे. चाळिशी आली, की चष्म्याच्या नंबरासोबत एकदा पडद्याची, नसेची आणि दाबाची तपासणी. त्यानंतर दर दोन वर्षांनी, साठीनंतर दरवर्षी. मधुमेह निघाला, की त्याच दिवसापासून दरवर्षी, दिसत असो वा नसो. घरात काचबिंदू असेल तर सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी आधी. ज्यांना खासगी डॉक्टर परवडत नाहीत त्यांच्यासाठी आपले घाटी रुग्णालय आहे, चिकलठाण्याचे जिल्हा रुग्णालय आहे. घाटीत रांग असते हे खरे, एक सकाळ मोडते. पण काचबिंदूने नेलेली नजर कोणत्याही रांगेत उभे राहून परत मिळत नाही. हा अंक वाचून झाला की घरात पन्नाशीपुढे कोण कोण आहे ते मोजा, आणि प्रत्येकाला माझा तोच प्रश्न विचारा. 'हा काय चष्मा' हे उत्तर मात्र चालवून घेऊ नका.